पावसाचा रकाना

प्रति,
मा. संचालक,
दीर्घकालीन नियोजन विभाग,
राष्ट्रीय हृदय-आरोग्य आराखडा,
मोन्तेविदेओ.

अर्जदार: सौ. नेल्दा बिदार्ते, निवृत्त टपाल कारकून, सदस्य, ग्राम हृदय समिती, मु. पो. रिंकोन देल सेइबो.

विषय: आमचे गाव निरोगी नसल्याचे जाहीर करून मिळणेबाबत.

संदर्भ: १) आपल्या विभागाने आमच्या गावी केलेली आहार पाहणी.
२) त्या पाहणीवरून गावास मिळालेला 'हिरवा' दर्जा व चौकात बसवलेले पितळी हृदय.
३) अर्जदाराचे पती श्री. विल्मार बिदार्ते यांचे हृदय.

महोदया,

वरील विषयी अर्जदार जे काही सांगू इच्छिते ते एका दमात सांगता येण्यासारखे नाही, म्हणून कलमवार लिहीत आहे. अर्ज लांबला तर क्षमा असावी.

१. अर्जदाराची उभी हयात टपाल कचेरीच्या खिडकीमागे गेली. लिहिता न येणाऱ्यांचे अर्ज तिने याच हाताने लिहून दिले आहेत. कोणाला रस्ता हवा असे, कोणाला विजेचा खांब, कोणाला शेजाऱ्याची गाय आवरून हवी असे. आम्हांला आजारी ठरवा, असे म्हणणारा अर्ज मात्र तिने कधी लिहिला नाही आणि आपल्या टेबलावरही तो पूर्वी आला नसावा. बाईचे डोके फिरले आहे असे आपल्याला वाटेल. डोके ठिकाणावर आहे. मनाचे तसे सांगता येत नाही, आणि त्याची कारणे खाली दिली आहेत.

२. आधी हे नमूद करावयाचे की आपल्या आराखड्याविषयी अर्जदाराची यत्किंचितही तक्रार नाही. सन २०५० पर्यंतचा विचार आज करणारे सरकार सर्वांच्या वाट्याला येत नाही. गावांचे लाल, पिवळे आणि हिरवे असे तीन भाग पाडावेत, जिथे हृदये जास्त धोक्यात तिथे परिचारिका व हृदयाचा आलेख काढणारे यंत्र आधी पाठवावे, जिथे लोक जपून खातात तिथून ते हलवावे, हे कोणाही शहाण्या माणसाला पटेल. पूर्वी आमच्या बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनातल्या तिकीट खोलीत असे एक यंत्र होते आणि नोएमी नावाची परिचारिका होती. आराखड्यात खोट नाही. आमची उत्तरेही शब्दशः खरीच होती. अर्जदाराने आजवर सरकारला किंवा घरच्या माणसांना कधीही खोटी माहिती दिलेली नाही. तरीही जे झाले ते झाले, आणि त्याला अर्जदार जबाबदार आहे.

३. आपल्या विभागाची पाहणी करणारी मुलगी, कु. बेलेन, आमच्याकडे आली तेव्हा दुष्काळाने कळस गाठला होता. ओढ्याच्या पात्रात गुरे उभी राहून वाळू चाटत होती. समितीची सदस्य म्हणून अर्जदार बेलेनला घरोघर घेऊन हिंडली. तिच्या प्रश्नावलीतला मुख्य प्रश्न असा होता: गेल्या आठवड्यात आपल्या घरी चरबीत तळलेले पदार्थ किती वेळा खाल्ले?

अर्जदाराच्या समोरच्या घरातली मिर्ता काब्राल दारातच म्हणाली, "तळलेलं? कुठलं बाई! कढईला हात लावून महिने झाले. तिच्यात कोळ्यानं घर केलंय, हवं तर दाखवते."

कोपऱ्यावरचे म्हातारे एउसेबियो तर चिडलेच. "पाऊस नसताना तळायला आम्ही काय खुळे आहोत का गं पोरी?"

आपण याच देशाच्या आहात, त्यामुळे आपल्याला वेगळे सांगायला नको. आभाळ भरून आले आणि पत्र्यावर पहिले थेंब वाजले की या देशात प्रत्येक घरात पीठ मळले जाते आणि गाईच्या चरबीत तोर्ता फ्रिता तळल्या जातात. मध्ये भोक पाडलेली ती जाड पुरी, वर साखर आणि सोबत माते, म्हणजे आपला तो कडू हिरवा चहा. महोदया, आपल्या कार्यालयातही पावसात त्या येतच असतील. पण ऊन असताना त्या कोणी करीत नाही. का करीत नाही हे अर्जदाराने कधी कोणाला विचारले नाही, जसे रविवारी निखाऱ्यावर मांस का भाजायचे हेही कोणी विचारत नाही.

तर पाऊस नव्हता, म्हणून तळण नव्हते. घराघरातून एकच उत्तर आले: एकदाही नाही. बेलेनने ते इमानेइतबारे टिपून घेतले. दुपारी अर्जदाराच्या अंगणात माते पिताना ती स्वतःच हसत म्हणाली, "नेल्दाबाई, पाऊस पडला की हे सगळं पाण्यात जाणार, हो ना?"

"मग तसं लिही ना."

"कुठं लिहू? पावसाचा रकानाच नाहीये. शेवटी समितीचा शेरा असतो बघा, तिथं तुम्ही लिहा. माझी ना नाही."

४. आता अर्जदाराला जे लिहायचे आहे ते लिहिताना हात जड होतो. शेऱ्याची ती ओळ अर्जदारासमोर होती. पेन हातात होते. 'दुष्काळामुळे हल्ली तळण बंद आहे', एवढे शब्द लिहायला टपाल खात्यात आयुष्य काढलेल्या बाईला किती वेळ लागतो? अर्जदाराने लिहिले: 'शेरा नाही.' खाली झोकात सही ठोकली.

का, असे आपण विचाराल. ओढ्यापलीकडच्या पासो ओंदो गावामुळे. फुटबॉलमध्ये ते जिंकतात, घोडेस्वारीत ते जिंकतात, सणाला सुंदर मुलगी निवडायची तर तीही त्यांचीच निघते, आणि वरून आमच्या लग्नाकार्यात येऊन नाकावर टिच्चून नाचतात. त्या दिवशी सकाळीच आमचे नगरप्रमुख आपारिसियो यांनी अर्जदाराला बाजूला घेऊन सांगितले होते की हिरव्या गावाचा सत्कार होणार असून समितीच्या सदस्याचे नाव फलकावर कोरले जाणार आहे. अर्जदाराचे नाव आजवर फक्त टपालाच्या शिक्क्याशेजारी सहीपुरते आले होते. तिला मोह झाला, यापलीकडे तिच्याजवळ सांगण्यासारखे कारण नाही. हिरव्या गावातून यंत्र काढून नेतात हे तिला त्या वेळी ठाऊक नव्हते, परंतु तिने विचारलेही नव्हते.

५. बेलेन आमच्याकडून ओढा ओलांडून पासो ओंदोला गेली आणि त्याच आठवड्यात दुष्काळ सरून पाऊस कोसळला. तिथल्या लोकांनी तिला बोटे चाटत दार उघडले असे ऐकतो. "गेल्या आठवड्यात किती वेळा?" "रोज! ही घे, तूही खा." ते लाल ठरले, आम्ही हिरवे. दोन्ही गावांच्या चरबीत, पिठात आणि माणसांत तसूभर फरक नाही. एकाच ढगाच्या अलीकडे आणि पलीकडे आम्ही आपल्याला उत्तरे दिली, एवढाच फरक.

नंतर पासो ओंदोला यंत्र मिळाले, नोएमी मिळाली, दर गुरुवारी हृदयाचे डॉक्टर आणि चालायला झाडांखालून वाट मिळाली. आम्हांला चौकात बदामाच्या आकाराचे पितळी हृदय मिळाले. त्याच्या खाली अर्जदाराचे नाव आहे. सत्काराच्या दिवशी अर्जदाराने नवे जाकीट घातले होते आणि ती फार खूष होती, हेही लपवण्यात अर्थ नाही.

नोएमी यंत्र खोक्यात भरत होती तेव्हा अर्जदार तिला दोरी धरायला गेली होती. नोएमी म्हणाली, "नेल्दाबाई, एक सांगा. पाऊस आला की इथं सगळे तळायला बसणार. आणि पाऊस आला की ओढ्यावरचा पूल पाण्याखाली. नेमकं त्याच दिवशी कुणाच्या छातीत कळ आली तर?"

अर्जदाराने उत्तर दिले, "हिरव्या गावात कळा येत नाहीत गं." दोघीही हसल्या. नोएमी थोडी कमी हसली असे आता आठवते.

६. मे महिन्यात, आपल्याकडचा शरद ऋतू सरताना, मोठा पाऊस लागला. अर्जदाराने कढई ठेवली. तिच्या हाताच्या तोर्ता फ्रिता गावात नावाजलेल्या आहेत, हे आता लिहितानाही तिला लाज वाटते. अर्जदाराचे पती विल्मार यांनी जन्मभर कुरणांना तारेची कुंपणे घातली. माणूस दणकट, पण नोएमीने त्यांचा आलेख पाहून त्यांना बजावले होते की पावसात एक खायची, एकच. नोएमी असताना पावसाच्या दिवशी छत्री घेऊन घरोघर डोकवायची आणि खिडकीतूनच ओरडायची, "अहो विल्मार, कितवी ती?" ते हातातली पाठीमागे लपवायचे.

त्या दिवशी खिडकीशी कोणी आले नाही. विल्मार यांनी ताटली पुढे केली आणि म्हणाले, "अजून एक दे नेल्दा. आपलं गाव हिरवं आहे."

अर्जदाराने दिली. पुढचीही दिली. ते मुलासारखे खात होते आणि बाहेर धो धो कोसळत होते आणि अर्जदाराला वाटले, किती दिवसांनी घरात सुख आले आहे.

मग त्यांनी ताटली खाली ठेवली आणि हात छातीवर नेला. "गॅस झालाय बहुतेक," ते म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ओठ मातीच्या रंगाचे झाले होते. अर्जदार स्टेशनाकडे धावत सुटली. तिकीट खोलीच्या दाराला कुलूप होते. आत कोणी नाही हे तिला ठाऊक होते, खोक्याची दोरी तिनेच धरली होती, तरीही ती त्या दारावर हात आपटत राहिली.

पूल पाण्याखाली होता. एउसेबियो यांच्या जावयाने ट्रॅक्टर काढला, विल्मार यांना मागच्या गाडीत ताडपत्रीखाली झोपवले आणि ट्रॅक्टर पाण्यात घातला. मध्यावर इंजिन गुरगुरून बंद पडले, पुन्हा चालू झाले. पलीकडे पासो ओंदोत नोएमीने यंत्राच्या तारा त्यांच्या छातीला लावल्या तेव्हा तिने अर्जदाराकडे एकदाच पाहिले आणि मग कामाला लागली. ती रागावली असती तर बरे झाले असते.

विल्मार वाचले. हृदयाचा मोठा भाग मात्र कायमचा मेला, कारण पोचायला उशीर झाला, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. आता ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात. न्हाणीपर्यंत चालले तरी धाप लागते. आजवर त्यांनी अर्जदाराला एका शब्दाने बोल लावलेला नाही. शेऱ्याची गोष्ट त्यांना अर्जदाराने स्वतः सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "मी असतो तर मीही तेच लिहिलं असतं. त्या पासो ओंदोवाल्यांना जिंकू द्यायचं काय?" त्याने अर्जदाराला अधिकच मेल्याहून मेल्यासारखे झाले.

७. अर्जदाराने गावची सभा बोलावली आणि दर्जा परत करण्याचा ठराव मांडला. आपारिसियो म्हणाले, "अहो नेल्दाबाई, बक्षीस परत करणारं गाव कुठं पाहिलंय का? आणि ते हृदय काढून चौकात ठेवायचं काय, माझा पुतळा?" लोक हसले. मिर्ता उठून म्हणाली, "हिच्या नवऱ्याला झालं म्हणून आता आख्खं गाव आजारी पाडायचं! उद्या सरकार येऊन आमच्या कढया उचलून नेईल, मग पावसात काय तुझं तोंड बघत बसू?" एउसेबियो यांनी तर, तोर्ता फ्रितामुळे कोणी मरत असते तर हा देश कधीच ओस पडला असता, असे भाषण केले आणि बसताना खुर्चीचा आधार घेऊन बराच वेळ धापा टाकल्या. कोणाचीही सही मिळाली नाही. म्हणून हा अर्ज एकटीचा आहे.

अर्जदाराला त्यांचा राग येत नाही. सत्काराच्या दिवशी तिनेच त्यांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. पण सभेत बसून ती एकेकाकडे पाहत होती. मिर्ताचे सुजलेले घोटे, आपारिसियो यांचा लालबुंद चेहरा, एउसेबियो यांची धाप. पुढच्या पावसात पाळी कोणाची, एवढाच विचार तिच्या मनात येत होता.

८. पुराव्याशिवाय आपला विभाग हलणार नाही हे जाणून अर्जदाराने मागील मंगळवारी, कडक ऊन असताना, एक तोर्ता फ्रिता तळून सोबत जोडली आहे. उन्हात कढईचा वास येताच मिर्ता भांडण विसरून धावत आली. "कोण गेलं?" तिने विचारले, कारण पाऊस नसताना कढई चढली म्हणजे काही विपरीतच घडले असणार असे तिला वाटले. सरकारला पाठवायची आहे असे सांगितल्यावर ती क्रूसाची खूण करून निघून गेली. आतल्या खोलीतून विल्मार यांनी हाक मारली, "पाऊस आला का गं?" अर्जदाराने खरे ते सांगितले, की नाही. ते हिरमुसले आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले.

९. तरी अर्जदाराची आपणास पुढीलप्रमाणे विनंती आहे:

(अ) रिंकोन देल सेइबो या गावाचा हिरवा दर्जा तात्काळ काढून घ्यावा. लाल देता येत नसेल तर तूर्त पिवळा तरी द्यावा.

(आ) यंत्र व परिचारिका आमच्याकडे परत पाठवावी. मात्र पासो ओंदोचे यंत्र काढून आम्हांला देऊ नये. त्यांनी खरे सांगितले होते, आणि तिथे यंत्र नसते तर अर्जदार आज विधवा असती. दोन गावांत एकच यंत्र द्यायचे झाल्यास ओढ्यावर उंच पूल द्यावा. हे काम आपल्या खात्याचे नाही असे उत्तर येईल हे अर्जदाराला माहीत आहे. परंतु पाऊस, चरबी आणि बुडणारा पूल ही तिन्ही आमच्याकडे एकाच दिवशी येतात, आणि तिन्हींसाठी आपण वेगवेगळी खाती केली आहेत.

(इ) फेरपाहणी भर पावसात, पूर्वसूचना न देता करावी. हवामान खात्याकडून सूचना घेऊन पाहणी करणाऱ्यांना ओढा चढण्यापूर्वी अलीकडे आणून ठेवावे. त्यांच्या निवासाची सोय अर्जदार करील. जेवणाची सोय करण्याचे धाडस तिला आता होत नाही.

(ई) सन २०५० पर्यंतच्या सर्व प्रश्नावल्यांत पावसाचा एक रकाना घालावा.

(उ) पितळी हृदयाखालील अर्जदाराचे नाव तासून काढावे. अर्जदाराने स्वतः कानस घेऊन प्रयत्न केला होता, परंतु आपारिसियो यांनी पाहिले व सार्वजनिक मालमत्तेची नासधूस म्हणून समज दिली.

(ऊ) कोणाला शिक्षा करायची असल्यास ती अर्जदारास करावी. तिचे निवृत्तिवेतन थांबवावे, तिला समितीतून काढावे, वाटल्यास तिच्या नावाची पाटी पासो ओंदोच्या चौकात 'हिने सांगितले नाही' अशी लावावी. गावाला शिक्षा करू नये. गावाला विचारले तेवढेच त्याने सांगितले.

१०. वीस-पंचवीस वर्षांचा आराखडा सांभाळणाऱ्या कार्यालयाला घाई करायला सांगणे शोभत नाही. पण आमच्याकडे वर्षे मोजली जात नाहीत, ढग मोजले जातात. सकाळपासून नैऋत्येकडे आभाळ काळे होत आहे. या अर्जावर पाऊस पडण्यापूर्वी निर्णय व्हावा, ही हात जोडून विनंती.

आपली अपराधी व नम्र,

(सही)
नेल्दा बिदार्ते
रिंकोन देल सेइबो
दिनांक १४ जून

सोबत:
१) श्री. विल्मार बिदार्ते यांच्या इस्पितळातील कागदांची नक्कल.
२) पितळी हृदयाचे छायाचित्र. कानशीच्या खुणा डाव्या बाजूस दिसतील.
३) तोर्ता फ्रिता, एक, दुहेरी कागदात. केवळ तपासणीसाठी. कृपया खाऊ नये. या पानावरील तुपकट डाग तिचा आहे, निष्काळजीपणाचा नाही.
४) गावकऱ्यांच्या सह्या: मिळाल्या नाहीत.

ता. क. पाकीट बंद करण्यापूर्वीच पाऊस सुरू झाला. समोर मिर्ताच्या घरातून तळणाचा वास येऊ लागला आहे, म्हणून अर्जदाराने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. विल्मार यांनी खुर्चीतून विचारले, "पाऊस आला का गं?" अर्जदाराने "नाही" असे सांगितले. आमचे छत पत्र्याचे आहे. ते थोडा वेळ वर पाहत ऐकत राहिले, मग म्हणाले, "बरं."

वरील कलम २ मध्ये अर्जदाराने सरकारला किंवा घरच्या माणसांना कधीही खोटी माहिती दिली नसल्याचे लिहिले आहे. ते वाक्य कृपया खोडून वाचावे.